सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला का?



शाळेच्या मैदानावर सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारे वाक्य कोणते, असे कुणी मला विचारले तर मी सांगेन, "सर, हिचा पाय मुरगळला." खो-खो असो, लंगडी असो, नाहीतर मधल्या सुट्टीतली नुसती शिवाशिवी. आपण काय करतो? मुलीला सावलीत बसवतो, पाणी देतो, कुणीतरी बाम आणतं, दोन मैत्रिणी तिला धरून घरी सोडतात. चार-पाच दिवसांनी ती थोडी लंगडत परत येते, आठवड्याभरात पळायला लागते आणि आपल्यापुरता विषय संपतो.

तो तिथे संपत नाही, हे मला एका मुलीमुळे कळले. पाचवीतली, आमच्या खो-खो संघातली सर्वांत चपळ खेळाडू. पावसाळ्यात मैदानावरून गुरे जातात, त्यांच्या खुरांचे खड्डे नंतर वाळून दगडासारखे कडक होतात. सरावात खांबाला वळसा घेताना अशाच एका खड्ड्यात तिचा पाय गेला आणि उजवा घोटा आत वळला. केंद्रस्तरीय सामने बारा दिवसांवर आले होते. दहाव्या दिवशी मी तिला विचारले, "दुखतंय का गं?" ती म्हणाली, "नाही सर." सूजही दिसत नव्हती. मी तिला खेळवले. दुसऱ्याच डावात तोच घोटा, तशाच वळणावर, पुन्हा आत गेला. या वेळी तिला उचलून आणावे लागले. पुढे कितीतरी महिने ती मुलगी सपाट रस्त्यावर चालतानाही मध्येच अडखळायची. तिची आई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

माझा प्रश्नच चुकला होता. "दुखतंय का" एवढ्यावरून घोटा बरा झाला की नाही ते कळत नाही. मग काय विचारायचे आणि काय पाहायचे, हे त्या मुलीच्या उपचारांच्या निमित्ताने फिजिओथेरपिस्ट मॅडमकडून ऐकले, नंतर मिळेल ते वाचले. त्यातून हा पाठ तयार झाला. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शिक्षक आहे. तपासणी आणि उपचार तज्ज्ञांकडूनच घ्यायचे आहेत. पण मैदानावर पहिला माणूस आपण असतो आणि घरी शेवटचा माणूस पालक असतो, म्हणून हे आपल्याला माहीत हवे.

घोट्यात नेमके काय बिघडते

वाचता वाचता आपल्या घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडे चाचपून पाहा. बाहेरचे हाड आतल्या हाडापेक्षा थोडे खाली उतरलेले लागेल. म्हणजे बाहेरून आधार लांब, आतून आखूड. शिवाय आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, जाड आणि मजबूत असतो. त्यामुळे पाय वळतो तेव्हा तळवा आतल्या बाजूला वळतो आणि ताण येतो तो बाहेरच्या बाजूच्या अस्थिबंधांवर. तिथे तीन अस्थिबंध असतात. त्यांतला पुढचा सर्वांत नाजूक, आणि बहुतेक वेळा तोच आधी दुखावतो. म्हणूनच मुरगळल्यावर बाहेरच्या घोट्याच्या पुढे-खाली लिंबाएवढी सूज येते.

अस्थिबंध नुसता ताणला, थोडा फाटला की पूर्ण तुटला, यावरून दुखापतीच्या तीन पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीतला पाय दोन-तीन आठवड्यांत कामाला लागतो, दुसरीला महिना-दीड महिना, तिसरीला तीन महिने किंवा त्याहून जास्त. हे साधारण अंदाज आहेत, प्रत्येक पायाचे वेळापत्रक वेगळे.

आता मुख्य मुद्दा. आपण मुलांना शिकवतो की अस्थिबंध हाडांना हाडे बांधून ठेवतो. बरोबर आहे, पण अर्धेच. त्या बंधात मज्जातंतूंची बारीक टोकेही असतात आणि ती मेंदूला सतत खबर देतात: पाय किती वळला, भार कुठे आला, जमीन कशी आहे. गावात कोतवाल असायचा तसे हे घोट्याचे कोतवाल. वर्गात एक साधा प्रयोग करून पाहा. मुलांना डोळे मिटून एका पायावर उभे करा. घोटा सारखा बारीक बारीक थरथरत, सावरत राहतो. डोळे मिटलेले असतानाही हे सावरणे चालते ते बरेचसे या कोतवालांच्या जोरावर.

पाय मुरगळतो तेव्हा बंध तर ताणला जातोच, पण हे कोतवालही जायबंदी होतात. १९६५ साली इंग्लंडमधल्या फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट मांडली. पाय मुरगळलेल्या अनेकांना त्या पायावर तोल सांभाळता येत नाही आणि "पाय मध्येच दगा देतो" अशी त्यांची तक्रार राहते. ज्यांना डुगडुगत्या फळीवर तोल सावरण्याचा व्यायाम दिला, त्यांच्यात ही तक्रार कमी आढळली. आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट तशी फळी वापरतात, त्यामागे हे काम आहे.

आता माझ्या विद्यार्थिनीकडे परत या. सूज उतरली होती, दुखणे थांबले होते, पण कोतवाल अजून रजेवर होते. घोटा वळतोय ही खबर मेंदूला उशिरा पोचली, बाहेरच्या बाजूचे स्नायू उशिरा आवळले, तोवर पाय गेला होता. ती खोटे बोलली नव्हती. तिला खरंच दुखत नव्हतं.

पहिले दोन-तीन दिवस

आपल्याकडे पाय मुरगळला की घरोघरी डॉक्टर. कुणी आंबेहळद उगाळून लावतं, कुणी गरम पाण्याने शेकतं, कुणी तेल लावून जोरात चोळून पाय "बसवून" देतं. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, त्याच चालीतली ही मंडळी. लेपाला माझा विरोध नाही. कातडीला चालत असेल तर आजीचं समाधान होऊ द्यावं. पण पहिले दोन-तीन दिवस शेक आणि चोळणे मात्र नको. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. उष्णतेने आणि रगडण्याने रक्तस्राव आणि सूज वाढते. आणि कुठे हाड मोडले असेल तर ओढून "बसवताना" काय होईल याची कल्पनाच केलेली बरी.

त्याऐवजी खेळ लगेच थांबवा. पाय उशीवर उंच ठेवा. क्रेप बँडेज बोटांकडून पोटरीकडे गुंडाळा, मध्यम घट्ट. बोटे निळी, गार किंवा बधिर वाटली तर लगेच सैल करा. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे, थेट कातडीवर नाही. शाळेत फ्रीज नसतो हे मला माहीत आहे, माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकंही चालतं.

बर्फाबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे चार शब्दांचे सूत्र अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात दिले आणि ते जगभर पाठ झाले. त्याच मर्किन यांनी २०१४ मध्ये लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरे होणे उलट लांबू शकते. स्वतःचेच सूत्र दुरुस्त करणारा माणूस मला तरी मोठा वाटला. आज बर्फाचा उपयोग मुख्यतः वेदना कमी करण्यापुरता मानतात, आणि आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहणे कुणी सुचवत नाही. सोसेल तितका भार लवकर टाकायचा, हीच आताची दिशा आहे.

पण त्याआधी एक प्रश्न सुटला पाहिजे: मुरगळलाय की मोडलाय? यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये तयार केलेले नियम आजही वापरतात. आपल्या कामाचा त्यातला भाग असा. मूल त्या पायावर चार पावलेही टाकू शकत नसेल. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर दाबल्यावर कळवळत असेल. किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे उंचवट्याचे हाड लागते, अथवा आतल्या कडेला कमानीच्या वर जे हाड लागते, तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायला पाठवा. लहान मुलांत हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते आणि ती अस्थिबंधापेक्षा कच्ची असू शकते. त्यामुळे मोठ्यांचा पाय जिथे मुरगळतो तिथे मुलांची पट्टी दुखावू शकते. शंका असेल तर "बघू उद्या" म्हणू नका.

बाराखडीचा व्यायाम

हाड शाबूत आहे असे डॉक्टरांनी सांगितले की पुढचे काम फिजिओथेरपिस्टचे. मॅडमनी आमच्या मुलीला पहिला व्यायाम दिला तो ऐकून मला हसूच आले. पाय उशीवर ठेवायचा आणि अंगठ्याने हवेत अक्षरे लिहायची! इंग्रजी मुलखात ए बी सी डी लिहायला सांगतात, आम्ही मराठी मुळाक्षरे घेतली. गुडघा हलवायचा नाही, सगळे वळण घोट्यातून आले पाहिजे. 'अ' काढताना घोटा गोल फिरतो, 'क' ला दोन्हीकडे जावे लागते, आणि 'ज्ञ' काढताना तर मोठ्या माणसालाही घाम फुटतो. पहिल्या दिवशी ती 'च' पर्यंतच पोचली.

मग टॉवेल. पाय लांब करून बसायचे, टॉवेल पावलाच्या पुढच्या भागाला अडकवून हळू आपल्याकडे ओढायचा, पोटरीत ताण आला की अर्धा मिनिट थांबायचे. घोटा दुखावला की तळवा वर उचलण्याची हालचाल हमखास आखडते आणि ती परत आली नाही तर उकिडवे बसणे, जिना उतरणे, पळणे सगळेच अडते. ती किती परत आली हे मोजायची युक्ती आपल्या हातातली आहे. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाऊल हळूहळू मागे न्यायचे. गुडघा टेकतोय आणि टाचही जमिनीवर आहे अशा शेवटच्या जागी अंगठा भिंतीपासून किती दूर आहे ते पट्टीने मोजायचे. दोन्ही पायांचे आकडे वहीत लिहा. गणिताचा तासही होतो.

यानंतर ताकद. आधी दोन्ही पायांवर टाचा उचलणे, मग एका पायावर. पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलायचे आणि हाताने किंवा रबरी पट्ट्याने अडवायचे, म्हणजे बाहेरच्या बाजूचे, पाय सावरणारे स्नायू तयार होतात. हे कंटाळवाणे असते आणि इथेच घरोघरी व्यायाम सुटतो, कारण तोवर दुखणे गेलेले असते.

आणि मग कोतवालांना कामावर आणायचे. दात घासताना दुखऱ्या पायावर उभे राहायचे. ते जमले की डोळे मिटून, मग दुमडलेल्या गोधडीवर, मग त्याच अवस्थेत कुणीतरी चेंडू टाकायचा आणि तो झेलायचा. डोळे मिटून उभे राहताना शेजारी मोठे माणूस हवेच. मॅडमच्या दवाखान्यात डुगडुगती फळी होती, आमच्या गावात गोधडी होती. गोधडीने काम भागले.

उड्या सर्वांत शेवटी. आधी जागच्या जागी दोन पायांवर, मग पुढे-मागे, मग एका पायावर. लंगडी हा आपला खेळ म्हणजे घोट्याची वार्षिक परीक्षाच: एका पायावर उडी, दिशा बदलणे, समोरच्यावर नजर, सगळे एकदम. म्हणून दुखापतीनंतर लंगडी आधी नाही, शेवटी. आता मी "दुखतंय का" विचारून थांबत नाही. एका पायावर डोळे उघडे ठेवून अर्धा मिनिट उभी राहते का? दोन्ही पायांवर टाच सारख्याच वेळा उचलते का? एका पायावर मारलेल्या उडीचे अंतर चांगल्या पायाच्या जवळपास, शंभरातले नव्वद तरी, येते का? पळता पळता वळायला सांगितले की आधीच वेग कमी करते का? शेवटचा प्रश्न कुठल्या यादीतला नाही, मैदानावर उभे राहून सुचलेला आहे, पण पाय सांगत नाही ते तो सांगतो. घाबरलेले मूल वळणाच्या दोन पावले आधीच थांबते.

मुलांना हे पटवताना मी हार्दिक पंड्याचे उदाहरण देतो. १९ ऑक्टोबर २०२३, विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना, तोही आपल्या पुण्याजवळ गहुंजेला. स्वतःच्याच गोलंदाजीवर आलेला फटका पायाने अडवताना त्याचा डावा घोटा वळला. तीन चेंडू टाकून तो बाहेर गेला आणि ते षटक विराट कोहलीने पूर्ण केले, हे मुलांना बरोब्बर आठवते. ४ नोव्हेंबरला तो उरलेल्या स्पर्धेतून बाहेर पडल्याचे जाहीर झाले आणि सामन्यात तो परतला ते थेट २०२४ च्या आयपीएलच्या तोंडावर. दिमतीला सगळे डॉक्टर, सगळी यंत्रे, तरी विश्वचषक सोडावा लागला. आमच्या केंद्रस्तरीय स्पर्धेसाठी मी दहा दिवसांत मुलीला उभी केली होती.

टाचेमागची दोरी

घोट्याच्या मागे, टाचेच्या वर, चिमटीत धरता येईल अशी जाड दोरी लागते. ती अकिलीस स्नायुरज्जू. पोटरीतले दोन मोठे स्नायू तिच्यामार्फत टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. शरीरातली ही सर्वांत जाड आणि दणकट स्नायुरज्जू. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो. नाव आले ग्रीक वीर अकिलीसवरून. आईने त्याला अमर करण्यासाठी स्टिक्स नदीत बुडवले, पण टाच तिच्या हातात राहिली आणि तेवढीच कोरडी राहिली. आपल्या मुलांना दुर्योधनाच्या मांडीची लोककथा माहीत असते, त्यामुळे ही गोष्ट लगेच कळते. शरीररचनेच्या पुस्तकात हे नाव आणले ते फ्लेमिश शास्त्रज्ञ फिलिप व्हेरहेयेन यांनी, १६९३ मध्ये.

या दोरीची अडचण अशी की टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात रक्तपुरवठा कमी असतो. दुखणे बहुधा तिथेच होते आणि भरून यायला वेळही तिथेच लागतो. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले टाच ताठरते, चालल्यावर मोकळी होते, पण पळाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखते, ही तिची खूण. पोलीस भरतीची जाहिरात आली की गावातली पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटरचा सराव सुरू करतात. काल शून्य, आज रोज पाच किलोमीटर. आठवड्या-दोन आठवड्यांत निम्मी टाच धरून बसतात. दोरी ताकदवान होते, पण स्नायूपेक्षा सावकाश. दोष पळण्याचा नाही, एकदम वाढवण्याचा आहे.

यावरच्या व्यायामाची गोष्ट भारी आहे. उत्तर स्वीडनमधल्या उमियो शहरातले अस्थितज्ज्ञ हॉकन आल्फ्रेडसन यांची स्वतःची अकिलीस दुखत होती. त्यांनी वरिष्ठांना शस्त्रक्रिया करायला सांगितले, वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा दोरी पुरती बिघडली तर तरी करतील, म्हणून ते मुद्दाम पायरीवर टाच खाली सोडण्याचा व्यायाम दाबून करू लागले, आणि दुखणे बिघडायच्या ऐवजी गेले, असे सांगतात. १९९८ मध्ये त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांनी सगळे पुन्हा धावू लागले होते.

कृती साधी आहे. पायरीच्या कडेवर पावलाचा पुढचा भाग ठेवून उभे राहायचे, कठड्याला हात. चांगल्या पायाने वर चढायचे, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. पंधरा वेळा, असे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून आणि तीन फेरे गुडघा थोडा वाकवून. सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. हिशेब केला तर दिवसाला १८०. आता फिजिओथेरपिस्ट याहून कमी संख्येचे किंवा वजन घेऊन सावकाश करायचे प्रकारही देतात. दुखणे टाचेच्या हाडाला जिथे दोरी चिकटते तिथेच असेल तर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नये, असे सांगतात. व्यायामात थोडे दुखले तर चालते: दहापैकी चार-पाच गुणांपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेले नसले पाहिजे. हा सगळा व्यायाम मोठ्यांसाठी आहे, मुलांचे पुढे सांगतो.

दोरी तुटते तेव्हा

तालुक्यात शिक्षकांचा क्रिकेट सामना होता. चाळिशीतले आमचे एक गुरुजी, वर्षातून एकदा बॅट धरणारे, धाव घ्यायला निघाले आणि दोन पावलांवर थांबून मागे वळले, "कोणी मारलं रे पायावर?" मागे कुणीच नव्हते. अकिलीस तुटल्याची ही इतकी ठरलेली खूण आहे की पुस्तकातही अशीच लिहिलेली असते: मागून लाथ किंवा दगड बसल्यासारखे वाटणे, कधी फट्कन आवाज. आम्ही सगळ्यांनी मिळून निदान केले, "लचक भरली." गुरुजी लंगडत का होईना चालत होते, पाऊल थोडे हलवतही होते. तीन आठवडे तेलाने चोळणे चालले. शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना पालथे झोपवले, पाय पलंगाबाहेर सोडले आणि पोटरी दाबली. चांगल्या पायाचे पाऊल खाली झुकले. दुखऱ्या पायाचे जराही हलले नाही.

ही पोटरी दाबण्याची परीक्षा अवघ्या काही सेकंदांची आहे. पाऊल हलवता येते म्हणजे दोरी शाबूत आहे, हा आमचा समज चुकीचा होता. शेजारचे दुसरे स्नायूही पाऊल खाली ढकलू शकतात. त्या पायावर एकट्याने टाच उचलून उभे राहता येत नाही, ही खरी खूण. उशीर झाला की तुटलेली टोके दूर सरकतात आणि उपचार अवघड होतात.

तुटलेल्या दोरीला शस्त्रक्रिया हाच एक उपाय नाही. पाऊल खाली झुकलेल्या अवस्थेत प्लॅस्टर किंवा खास बुटात ठेवूनही ती जुळते. नॉर्वेमध्ये ५२६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाअखेरीस पायाच्या कामात दोन्ही मार्गांमध्ये विशेष फरक दिसला नाही. शस्त्रक्रिया न केलेल्यांत दोरी पुन्हा तुटण्याचे प्रमाण जास्त होते, तर शस्त्रक्रियेत मज्जातंतूंना इजा होण्याची शक्यता जास्त. निवड डॉक्टरांशी बोलून करायची. दोन्हीकडे फिजिओथेरपी मात्र सुटत नाही.

आणि इथे एक धोका लक्षात ठेवा. मुरगळलेल्या घोट्याला उपयोगी पडणारा तो टॉवेलचा व्यायाम तुटलेल्या अकिलीसला सुरुवातीच्या महिन्यांत घातक आहे. दोरी ताणून लांब जुळली तर पोटरीची ताकद कायमची कमी होते, सैल झालेल्या बाजेच्या दोरीसारखी. म्हणून बुटात टाचेखाली पाचरी ठेवतात आणि एकेक करून काढतात. सहा-आठ आठवड्यांनी बूट सुटतो, साधारण तीन महिन्यांच्या आसपास दोन्ही पायांवर टाचा उचलता येऊ लागतात, धावणे त्यानंतर काही महिन्यांनी, खेळ नऊ महिने ते वर्षाने. या काळात पोटरी अचानक सुजली, दुखली किंवा धाप लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, तातडीने दवाखाना गाठा. शेजाऱ्याचा व्यायाम बघून आपण करू नये तो यासाठीच.

औषधाचीही एक गोष्ट. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन या गटातल्या प्रतिजैविकांनी स्नायुरज्जू दुखण्याचा आणि तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे पोट बिघडले की चिठ्ठीशिवाय याच गोळ्या घेणारे कमी नाहीत. साठीच्या पुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या माणसांनी तर जास्त जपायला हवे.

"टाच दुखते" म्हणणारे मूल

आपल्या प्राथमिकच्या मुलांत अकिलीस तुटणे फार विरळ. पण आठ ते चौदा वर्षांच्या, खेळणाऱ्या मुलांत टाच दुखणे अजिबात विरळ नाही. या वयात टाचेच्या हाडाच्या मागे वाढीची पट्टी असते आणि अकिलीस नेमकी तिथे ओढ देते. उंची भराभर वाढते, पोटरी तेवढी लांबत नाही, वर पळणे-उड्या, मग पट्टी दुखायला लागते. अमेरिकी डॉक्टर सेव्हर यांनी १९१२ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव दिले आहे. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की मूल "आई गं" म्हणते. कवायतीच्या तासाला हे मूल टाचा उचलून चालताना दिसले की आपण म्हणतो, बहाणे करतंय. बहुतेक वेळा करत नसतं.

हे दुखणे वाढ पूर्ण होताना आपोआप थांबते. तोवर उड्या आणि पळणे कमी करायचे, पूर्ण बंद नाही. टाचेखाली मऊ गादी असलेला बूट, पोटरीचे हलके ताण. पातळ तळाच्या चपलेत कडक मैदानावर पळवू नये. आल्फ्रेडसनचे १८० वेळा टाच सोडणे मुलांना देऊ नये. एकाच टाचेला रात्री दुखते, सूज, लाली किंवा ताप आहे, तर मात्र हे सेव्हरचे दुखणे समजून बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

परिपाठात पाच मिनिटे

२००६ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलच्या ७६५ फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने तोल सावरण्याचे व्यायाम केले, दुसऱ्याने नेहमीचाच सराव. पहिल्या गटात घोटे कमी मुरगळले. हे वाचून मी परिपाठात प्रतिज्ञा आणि सुविचार यांच्या नंतर पाच मिनिटे काढली. एका पायावर उभे राहून पाढे. दोनचा पाढा उजव्यावर, तीनचा डाव्यावर. पहिलीची मुले हसून हसून पडतात, चौथीची डोळे मिटून पैज लावतात. लिंबू-चमच्याचीही तालीम होते. सामन्यांच्या आधी मी आता मुलांना घेऊन मैदानावरचे खुरांचे खड्डे मातीने बुजवतो, तासभर लागतो.

त्या मुलीचा उजवा गुडघा भिंतीला टेकायला लागला, पण डाव्यापेक्षा दोन सेंटिमीटर कमीच होता. आम्ही दर सोमवारी पट्टीने मोजत होतो. सातव्या सोमवारी दोन्ही आकडे सारखे आले, तेव्हा तिने वहीत आकड्यांखाली अंगठ्याने हवेत काढायचा तो 'ज्ञ' काढून ठेवला होता. त्या वर्षी ती सामने खेळली नाही. गुणलेखनाला बसली, आणि पंचांची एक चूक तिनेच दाखवून दिली.